वाजते ती तहानलेली

"ही वाजती," आप्पा म्हणाले. "हिला द्यायला पायजे."

मी गच्चीच्या जिन्यात वरच्या पायरीवर होते. हातात पिशवी, पाठीवर मिरजेचा वैशाखातला घाम. मला वाटलं, मी आलेय हे त्यांनी पाहिलंय आणि ते माझ्याशीच बोलतायत. पण त्यांची पाठ माझ्याकडे होती. मोगऱ्याच्या कुंडीसमोर ते उकिडवे बसले होते. हातात जुना पेचकस उलटा धरलेला. त्याच्या लाकडी मुठीनं कुंडीच्या काठाखाली टकटक करायची आणि कान तिरका करून ऐकायचं, असं चाललं होतं. मग त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि मोगऱ्याच्या मुळाशी निवांतपणे सगळा रिकामा केला.

कुंडी वाजली नव्हती. मला जिन्यापर्यंत ऐकू आला तो बद्द आवाज होता, भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा. कुंडीखालची ताटली काठोकाठ भरली होती. कुंडीच्या अंगावर शेवाळ चढलं होतं, आणि मोगरा पिवळा पडून माना टाकून उभा होता.

"आप्पा," मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी वळसा घालून समोर जाऊन उभी राहिले.

"आलीस व्हय शालन? कळवायचं की. स्टेशनावर आलो असतो."

"कळवलं होतं. परवा फोन नाही का केला?"

"काय की. लाईन खराब हाय सध्या."

लाईन चांगली होती. आप्पांना कमी ऐकू येतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलायचं नाही हेही ठाऊक होतं. समोर बसून मोठ्यानं बोललं की त्यांना कळायचं. बारीक, चढा आवाज मात्र कुठच्या कुठं निघून जायचा.

आता आप्पांनाही जाऊन बरीच वर्षं झाली. पण टकटक असा आवाज कुठंही आला की अजून माझी मान वळते. रेल्वेत त्यांचं कामच ते होतं. गाडी मिरजेत थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते डब्यांच्या कडेनं चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोका द्यायचे. चाक धड असलं की खण्णकन वाजायचं. तडा गेलेला असला की बद्द. लहानपणी आमचं क्वार्टर रुळांना लागून होतं. आई चुलीपुढं बसून नुसत्या आवाजावरनं सांगायची, "गाडी निम्मी झाली बघ त्यांची, पानं घे." आम्ही ताटं मांडून होईपर्यंत आप्पा दारात हजर. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाप असे वाजत वाजत घरी येतात.

रिटायर झाल्यावर त्यांनी हे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आईनं गच्चीवर कुंड्या मांडल्या. मोगरा, अबोली, शेवंती, जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता. सगळ्या मातीच्या. रोज सकाळी दोघं वर जायची. आप्पा पेचकसाच्या मुठीनं कुंडी ठोकायचे, आई झारी घेऊन मागं उभी. "अहो, वाजतीय का?" ती विचारायची. माती सुकली की कुंडी वाजते, ओली असली की गप्प बसते. "वाजती," असं आप्पा म्हणाले तर झारी वाकायची, "नाही," म्हणाले तर पुढची कुंडी. आप्पा मला सांगायचे, "रेल्वेत वाजतंय ते धडधाकट. तुझ्या आईच्या राज्यात वाजतंय ते तहानलेलं." मी एकदा पुण्याहून हौसेनं प्लॅस्टिकच्या कुंड्या आणल्या, वजनाला हलक्या, रंगीत. आईनं दुसऱ्याच दिवशी त्या शेजारच्या कस्तुरामावशींना देऊन टाकल्या. "प्लॅस्टिक वाजत नाही गं," म्हणाली. मला राग आला होता. आमचं चिंचवडला कापडाचं दुकान. दिलेली वस्तू कुणी परत फिरवली की मला अजून झोंबतं.

पण झाडं अशी तरारलेली असायची की गल्लीतल्या बायका फांदी मागायला यायच्या.

आई दिवाळीनंतर गेली, ध्यानीमनी नसताना. दिवस उरकले आणि मी आप्पांना म्हटलं, सामान बांधा, पुण्याला चला. मी एकुलती एक. सत्तरी ओलांडलेला माणूस एकटा कसा ठेवणार?

"झाडं कोण बघंल?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला जमणार आहे का ते?"

"रोज मीच तर सांगत होतो, कुणाला पाणी आन् कुणाला नको."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी चिडले आणि रागाच्या भरात बोलून गेले, "बरं. उन्हाळा काढून दाखवा. झाडं जगली तर राहा इथंच. मेली तर मुकाट यायचं, मग एक शब्द बोलायचा नाही."

"ठरलं," आप्पा म्हणाले. आणि आप्पांचं ठरलं म्हणजे ठरलं.

तर त्याचा निकाल बघायला मी आले होते. शेवंती गेली होती. अबोली खोडाशी काळी पडली होती. जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळून ताटलीत तरंगत होत्या. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचं मला काडीचंही सुख वाटत नव्हतं.

"ऊन लई हाय औंदा," आप्पा म्हणाले. "पानं बघ कशी पडल्यात. पाणी कमी पडतंय. सकाळी घालतोय, सांजच्याला घालतोय, तरी सगळ्या वाजत्यातच."

"आप्पा, ताटल्या भरल्यात."

"आं?"

"काही नाही. चला खाली, भाकरी करते."

भाकऱ्या थापताना एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. आप्पांना कुंडीचा आवाज येत नाही, हे तर उघड होतं. पण कान काही आई गेल्यावर बिघडले नव्हते. मग इतकी वर्षं तीच कुंडी, तोच पेचकस, तेच कान, आणि झाडं हिरवीगार कशी राहिली?

जेवून आप्पा आडवे झाले तशी मी शेजारी गेले. कस्तुरामावशी उंबऱ्यात बसून चिंचा फोडत होत्या. आईच्या वयाच्या, आईच्या एकुलत्या एक मैत्रीण. मी विचारलं तशा त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"तू इचारशील असं वाटलंच हुतं मला," त्या म्हणाल्या. "बस. तुझ्या आईला झाडांचा नाद हुता असं वाटतंय व्हय तुला?"

"म्हणजे? अख्खी गच्ची..."

"कसला नाद घिऊन बसलीस. तुळशीला पाणी घालायची ते बी आंघुळ झाल्यावर, पाढा म्हटल्यागत. तिला नाद तुझ्या बापाचा." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुला ठावं हाय का, रिटायर व्हायच्या आधी त्यांचा हातोडा काढून घेतल्याला?"

मला ठाऊक नव्हतं. मला आईच्या तोंडून एवढंच कळलं होतं की आप्पांचं काम आता हलकं झालंय, बसून करायचं आहे.

"कानाची तपासणी झाली. नापास. मग दिलं बसवून स्टोअरात, नटबोल्ट मोजायला. घरी आलं ते बोलंनात. जेवायचं, भिंतीकडं तोंड करून पडायचं. नोकरी संपली, इकडं राहायला आली दोघं, तरी त्येच. तुझी आई माझ्याकडं येऊन रडायची. आन् एक दिवस बघते तर काय, कुंभाराच्या हातगाडीवर कुंड्या घालून आलीया. म्हटलं, गिरजा, येड लागलं काय? म्हणाली, ह्या ठोकून बघाव्या लागत्यात म्हणं, मला काय कळत न्हाई, ह्यांनाच सांगते."

त्या हसल्या, मग पदरानं डोळे टिपले.

"पण त्यांना ऐकू येतच नव्हतं की," मी म्हटलं.

"व्हय की. म्हणून तर दुपारी, तुझं आप्पा जेवून पडलं की, ती परत वर जायची. मातीत बोट घालायची, ह्या पेरापातूर. वलं लागलं तर ताटली वतून टाकायची. कोरडं लागलं तर पाणी. सकाळी त्यांनी काय का सांगितलेलं असंना. मी हितनं बघत हुते की सगळं."

"आणि तुम्ही आप्पांना काहीच बोलला नाहीत? झाडं मरायला लागली तरी?"

"शपथ घातल्याली तिनं. ह्यांच्या कानावर जाता कामा न्हाई म्हणाली. कानावर काय जातंय त्यांच्या, म्हटलं मी. हसली, पर शपथ काय सोडली न्हाई. आता तिच्या माघारी मी कशी मोडू?" त्यांनी पुन्हा बत्ता उचलला. "अति तिथं माती, बघ. तहान लागल्यावर पान पडतं, आन् पाणी जास्त झालं तरी तसंच पडतं. ते वाढवत्यात पाणी. तू काय करणार हायस?"

"ठरलंय ना आमचं. घेऊन जाणार."

"जा घिऊन. न्हाईतर दुपारची वर जाऊन बोट घाल. तिसरं काय हाय?"

मी घरी आले. आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपलेले. मला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसले असते तरी मृगापर्यंत गच्ची उजाड झाली असती आणि आप्पा ठरल्याप्रमाणे मुकाट पुण्याला आले असते. त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती मी. नवऱ्यानं हौसेनं खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवली होती. दिवसभर दुकानात आम्ही, शाळेत मुलं, आणि त्या खुर्चीत आप्पा. तिथं त्यांना कोण काय विचारणार होतं?

मी अनवाणीच वर गेले आणि चटके बसले तशी परत येऊन चपला घालून गेले. मोगऱ्याच्या मातीत बोट घातलं. चिखल. अबोली, चिखल. जास्वंदीची ताटली ओढून काढली आणि पन्हाळीत ओतली. कुजक्या पाण्याचा वास आला. मोगऱ्याची ताटली मात्र कुंडीच्या वजनाखाली रुतून बसली होती. मी दोन्ही हातांनी ओढत होते, आणि मागून आवाज आला.

"बाजूला सर. तुला निघायची न्हाई ती."

आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते, बनियनवर, डोक्याला टॉवेल. मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. ते आले, कुंडी एका अंगाला कलती केली, मान हलवून मला ताटली ओढायला लावली, आणि कुंडी हळूच खाली टेकवली.

"कढीपत्त्यापासनं सुरू करायची ती," ते म्हणाले. "कोपऱ्यातनं. म्हंजे सावलीसावलीनं येता येतंय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी काय दुपारचा झोपतोय व्हय? जन्म गेला रेल्वेत. डोळं मिटून पडायचं तेवढं." त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. "हितं उभा ऱ्हायचो. पदर खोचायची, बोट घालायची, पदराला पुसायची, की पुढची. तोंडानं काय तरी पुटपुटायची. आपल्याला काय ऐकू येतंय?"

"मग बोलला का नाहीत कधी?"

आप्पा कठड्याच्या सावलीत बसले. टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"स्टोअरात बसवलं तवापास्नं मला कुणी काय इचारलं न्हाई, शालन. आधी गार्ड इचारायचा, डायवर इचारायचा, तोडकर, सोडू का गाडी? मी हात केल्याबिगर गाडी हालायची न्हाई. आन् मग एकदम कोणच न्हाई. तुझ्या आईनं इचाराय सुरुवात केली. रोज. अहो, वाजतीय का? मी पान बघून काय तरी ठोकून द्यायचो. मला ठावं हुतं, ही दुपारी नीट करून घेती. मी बोललो असतो तर तिनं सकाळचं इचारायचं सोडलं असतं."

"आणि तिला वाटायचं, तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही."

"वाटू दे की. त्यात बरं वाटायचं तिला."

खाली कुठंतरी भंगारवाला ओरडत गेला. आप्पांना तो ऐकू आला नसावा. मला एकदम राग आला. कुणाचा ते नाही सांगता येणार. दोघांचाही असेल. एका घरात राहून एकमेकांना इतकी वर्षं फसवत राहिली ही माणसं, आणि मला पुण्याला ऐकवायचे की झाडं बघ कशी आलीत.

"मग आता का नाही घालत बोट?" मी जवळजवळ ओरडलेच. "सगळं बघितलंय तर! एवढं माहीत आहे, तरी पान पडलं की आपलं पाणी, पान पडलं की पाणी. बोट घालून बघायला काय होतं तुम्हाला?"

आप्पा आपल्या हाताकडं बघत बसले.

"ते तिचं काम," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सकाळी मी माझं करतोय. ठोकतोय, सांगतोय, घालतोय. दुपारी हितं येऊन उभा ऱ्हातोय." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "बोट मीच घातलं तर ती न्हाई असं झालं की, शालन."

मी मोगऱ्याची ताटली उचलून पन्हाळीत ओतली. ते उठले. कमरेला हात लावून त्यांनी सगळ्या गच्चीवर एकदा नजर फिरवली. सकाळी मी फिरवली होती तशीच.

"ठरलंय तसं घिऊन चल मला," ते म्हणाले. "झाडं गेली. शब्द म्हंजे शब्द. उद्या सकाळी सामान बांधू."

आलेच होते मी त्यासाठी. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कुठं गेलीत? शेवंती गेली. बाकीच्यांना पाणी जास्त झालंय नुसतं. सुकू दिली की धरतील."

"उगं कायतरी."

"उगं नाही. कढीपत्ता बघा की, चांगला आहे. तुमचा तांब्या त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नसेल. इकडं या."

मी त्यांचा हात धरून त्यांना कढीपत्त्यापाशी नेलं. चाकावर ठोके देणारा हात. अजून ताकद होती त्यात, आणि मी ओढत होते तरी तो मागं राहत होता. लहान मुलाला दवाखान्यात नेताना ते जसं अंग चोरतं तसे आप्पा अंग चोरत होते.

"घाला बोट."

ते उभेच राहिले.

"आप्पा, दुपारी आता कुणी येणार नाही," मी म्हटलं. "मी उद्या जाणार. कस्तुरामावशी किती दिवस बघतील? तुम्हालाच घालावं लागेल."

आप्पा खाली बसले. बोट त्यांनी बनियनला पुसलं. मग मातीत घातलं, पहिल्या पेरापर्यंत, आणि तसेच बसून राहिले.

"कोरडं हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग पाणी."

"किती घालायची आई?"

"खालनं थेंब आला की थांबायची."

मी तांब्या भरून आणला. आप्पांनी कुंडीखाली दोन विटांचे तुकडे सरकवले आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, तळाच्या भोकाकडं बघत, एका हातानं धार सोडली. पाणी मातीत जिरत गेलं. तांब्या निम्मा झाला. भोकाशी ओल आली, थेंब धरला, पडला. आप्पांनी तांब्या उभा केला. उरलेलं पाणी त्यात तसंच राहिलं.

मग ते पुढच्या कुंडीकडे गेले. बोट घातलं. "वलं," म्हणाले, बोट पुसलं. पुढची. "वलं." त्यांच्या तोंडून ते शब्द हिशोब सांगितल्यासारखे येत होते आणि मी मागं उभी राहून "हं" म्हणत होते. मोगऱ्यापाशी ते जरा जास्त थांबले.

"तू जा," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "चहा टाक जा."

मी खाली आले. आधण ठेवलं, साखर घातली, आणि वरून आवाज आला. आधी मला वाटलं, काही पडलं की काय. मग कळलं की आप्पा रडतायत. आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते, दिवस केले तेव्हाही नाही. लोक म्हणत होते, तोडकर घट्ट माणूस. आता ते रडत होते, आणि आपला आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नव्हतं. भर दुपारी सगळ्या गल्लीत तो ऐकू जात होता. कस्तुरामावशी त्यांच्या दारात आल्या, वर पाहिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या. समोरच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केला.

मला वर धावत जावंसं वाटत होतं. गेले नाही. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशी उभी राहिले, ते आपणहून जिना उतरून येईपर्यंत. आले तेव्हा तोंड धुऊन आले होते. आम्ही चहा प्यालो. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी एकटीच परतले.